फी दिली, पावती नाही

जुलै लागला की आमच्या अण्णांची निळ्या कव्हरची वही कपाटातून बाहेर निघते. शंभर पानी, शाळेतल्या पोरांची असते तशी. तीत औषधपाण्याचा सगळा हिशेब असतो. तारीख, डॉक्टर, फी, औषधं, तपासण्या, ऑटोचं भाडं, आणि कधीमधी 'शहाळे २ नग'. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, शेवटी केंद्रप्रमुख म्हणून २००५ साली निवृत्त झाले. आयुष्यभर हजेरीपट आणि तांदळाचा हिशेब लिहिलेला माणूस. आई गेल्यापासून वही जरा जास्तच नेटकी झाली आहे.

तर मंडळी, ही गोष्ट त्या वहीची आणि आयकर विवरणपत्राच्या एका रकान्याची. आता तुम्ही म्हणाल, आयकरावर काय लिहायचं, ते सीएचं काम. मलाही तसंच वाटायचं. पण २०२३ च्या जुलैत सहा हजार रुपयांच्या पावत्या नव्हत्या म्हणून आम्ही अकरा हजार सहाशे अठ्ठेचाळीस रुपये भरले, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आधी हिशेब सांगतो. थोडा कंटाळवाणा आहे, पण सगळं भांडण त्यातच आहे.

२०२२-२३ या आर्थिक वर्षात अण्णांचं पेन्शन झालं ५,७६,०००. मुदतठेवींचं व्याज ६०,०००. एकूण ६,३६,०००. त्यातून प्रमाणित वजावटीचे ५०,००० गेले, ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर मिळते ती ५०,००० ची सूट गेली. उरले ५,३६,०००. जुन्या पद्धतीत करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत आलं तर कर शून्य, आणि पाच लाखांच्या वर एक रुपया जरी गेला तरी तीन लाखांपासूनचा सगळा कर भरायचा. म्हणजे कड्याच्या टोकावर उभं राहण्यातला प्रकार. अण्णा कड्याच्या छत्तीस हजार पलीकडे होते. (८० सी मध्ये काही गुंतवायचं की, असं सुचवणाऱ्यांसाठी: शहात्तराव्या वर्षी पाच वर्षं पैसे अडकवायचे नाहीत, हा त्यांचा नियम आहे आणि मला तो पटतो.)

आता कायद्यात एक सोय होती आणि ती खरोखर चांगली होती. ८० डी कलमात २०१८-१९ पासून असं केलं की साठ वर्षांवरच्या माणसाचा आरोग्यविमा नसेल, तर त्याच्या प्रत्यक्ष वैद्यकीय खर्चाची ५०,००० पर्यंत वजावट मिळेल. डॉक्टरची फी, औषधं, तपासण्या, सगळं यात धरतात. अण्णांना विमा नाही. साखर आहे, बीपी आहे, २०१६ मध्ये एक स्टेंट बसलेली आहे. कोण देतो विमा? दिला तर हप्ता असा सांगतात की त्यापेक्षा आजार स्वस्त. म्हणजे ही सूट जणू त्यांच्यासाठीच केलेली. अट एकच, पैसे रोखीत दिलेले नसावेत.

वहीत त्या वर्षाचा खर्च होता ३९,५००. पैकी औषधं २४,६००, सगळी एकाच मेडिकलमधून, छापील बिलं, पैसे मोबाईलवरून. तपासण्या ५,४००, लॅबची बिलं, तेही मोबाईलवरून. झाले तीस हजार. राहिले साडेनऊ हजार, ती डॉक्टरांची फी. हृदयवाल्यांकडे दहा वेळा सहाशे, साखरेच्या डॉक्टरांकडे सहा वेळा चारशे, बाकी डोळ्यांचे आणि हाडांचे मिळून अकराशे. या साडेनऊ हजारांचा जगात एकच पुरावा, अण्णांची वही. सगळे रोख, पावती एकाचीही नाही.

मी मागितली नव्हती असं नाही. तीनदा मागितली. फी घेणारा मुलगा काचेमागे बसतो, समोर नंबरांची यादी, मागे फायलींचे गठ्ठे. मी म्हटलं, स्कॅनर आहे का? तो म्हणाला, "मेडिकलला हाय. फीचं कॅशच द्यावं लागतंय." मग पावती दे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची जमीन मागितली. "पावती कशाला मागायलाव सर? फाईलवर तारीख टाकतो की." माझ्यामागे चाळीस माणसं उभी. कुणी किनवटहून आलेलं, कुणी मुखेडहून, एसटीच्या वेळा सांभाळून. त्यांच्या डोळ्यांत मी एक रिकामटेकडा मास्तर, जो पावतीसाठी रांग अडवतोय. दुसऱ्या वेळी त्याने प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला ६०० लिहून गोल केला. सही नाही, शिक्का नाही. तिसऱ्या वेळी 'साहेबांना विचारा' म्हणाला. आत साहेब अण्णांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसलेले. त्या क्षणी त्यांना पावतीचं विचारायची माझी हिंमत झाली नाही. तुमची झाली असती?

कोण डॉक्टर, कुठला दवाखाना, हे मी सांगणार नाही. कारण ते एकटे असते तर मी हे लिहिलंच नसतं. माणूस चांगला आहे, निदान पक्कं आहे, अण्णांशी आपुलकीने बोलतो. आणि तरीही.

जुलैत रिटर्न भरणाऱ्यांकडे गेलो. त्यांनी आकडे बघितले आणि सरळ म्हणाले, "सर, ३९ टाकून देऊ. कागद कुठं जोडावा लागतो?" खरं आहे, विवरणपत्राला कसलंही कागदपत्र जोडायचं नसतं, मागितलं तर दाखवायचं. मी अण्णांकडे पाहिलं. खर्च तर झालेलाच होता, खोटं काहीच नव्हतं. अण्णा म्हणाले, "झालाय खरा. पण रोख दिलाय ना? मग कायद्यात बसत नाही. तीसच टाका." तीस टाकले. करपात्र उत्पन्न ५,०६,०००. त्यावर कर ११,२०० आणि उपकर ४४८. कागदासकट आणखी सहा हजारांची फी दाखवता आली असती तर शून्य.

परत येताना अण्णा काही बोलले नाहीत. मीच जळत होतो, आणि त्याचं कारण वेगळं होतं.

ते कारण सांगायलाच हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. गावी परत यायच्या आधी मी काही वर्षं पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी केली. तेव्हा पगारदारांना वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची वैद्यकीय प्रतिपूर्ती करमुक्त होती. बिलं द्यायची, पैसे घ्यायचे. मी तेव्हा तिशीत, वर्षातून एकदा सर्दी व्हायची. पण मार्च आला की ऑफिसजवळच्या मेडिकलवाल्याकडे आम्ही सगळे रांग लावायचो. तो कमिशनवर बिलं फाडून द्यायचा. तारखा वेगवेगळ्या, औषधं वेगवेगळी. एकदा माझ्या बिलात गरोदर बायकांची लोहाची गोळी आली होती. अकाउंट्सवाला हसला आणि पास केलं. वीस टक्क्यांच्या टप्प्यात दरवर्षी तीन हजार वाचायचे. कुणालाही त्यात चोरी वाटली नाही. मलाही नाही.

म्हणजे बघा, मी धडधाकट असताना खोट्या कागदावर पूर्ण सूट घेतली, आणि माझ्या बापाला खरा आजार असताना खऱ्या खर्चावर सूट मिळाली नाही. कारण मला कागद मिळत होता, त्यांना मिळत नव्हता. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती १५,००० ची सूट गेली आणि तिच्या बदल्यात सरसकट प्रमाणित वजावट आली. आमच्यासारख्यांनी ती सूट इतकी नासवली होती की जाताना कुणी रडलंसुद्धा नाही. पण तिच्याबरोबर साठीच्या आतल्या पगारदाराची, डॉक्टरची साधी फी करातून वजा करण्याची होती नव्हती ती वाटही गेली. त्यानंतर कायद्याने फक्त एवढंच ओळखलं: विम्याचा हप्ता, पाच हजारांपर्यंतची प्रतिबंधक तपासणी, यादीतले काही मोठे आजार, अपंगत्व, आणि विमा नसलेले म्हातारे.

त्या यादीचीही गंमत आहे. ८० डीडीबी हे कलम आणि त्याचा नियम ११ डीडी. कर्करोग आहे, मूत्रपिंड निकामी होणं आहे, एड्स आहे, हिमोफिलिया-थॅलॅसेमिया आहे, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश असे काही मेंदूचे विकार आहेत. हृदय नाही. मधुमेह नाही. आमच्या भागात घरटी जे दोन आजार सापडतात ते दोन्ही नाहीत. डायलिसिसवरच्या माणसाला मिळतं ते रास्तच आहे. पण त्याचं मूत्रपिंड ज्या साखरेनं खाल्लं तिच्यावर आधी वीस वर्षं जो खर्च केला, तो कुठेच धरलेला नाही. मूत्रपिंड जाईपर्यंत थांबा, मग या, असं ते कलम सांगतं.

आणि विमा. विम्याच्या हप्त्याला सूट, डॉक्टरच्या फीला नाही, यात तर्क काय? साधा मेडिक्लेम दवाखान्यात दाखल झालं तर कामाचा. ओपीडीची फी, महिन्याच्या गोळ्या त्यात सहसा बसतच नाहीत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. आधी यापेक्षा बरेच जास्त होते, २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के, म्हणजे सुधारणा आहे हे मान्य. पण हा जो खिशातला पैसा आहे, तो कर लावताना उत्पन्नच धरला जातो. तुम्ही कंपनीला हप्ता दिलात तर सरकार म्हणतं शाबास. तोच पैसा तुम्ही तुमच्या डॉक्टरला दिलात तर सरकार म्हणतं, हा तुमचा हौसेचा खर्च.

इथे कुणीतरी म्हणणारच, सरकारी दवाखाना आहे की! आहे. आमच्या विष्णुपुरीतच आहे, घरातून दिसतो. विष्णुपुरी हे गाव मोठं अजब आहे. गोदावरीवरचा प्रकल्प इथे, १९८१ सालचं गुरुगोविंदसिंगजींच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज इथे, १९९४ मध्ये झालेलं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ इथे, आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयही इथेच. सरकारने मराठवाड्याला दिलेलं बरंचसं या लातूर रस्त्यावर ओळीनं उभं आहे. तरी अण्णांना घेऊन मी शहरात जातो, ऑटोत बसून, आठ-दहा किलोमीटर. का? ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला याच रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं होती, ही बातमी देशभर गेली. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, क्षमतेबाहेरची गर्दी, खासगीतून शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण, सगळ्याची चर्चा झाली. तिथले निवासी डॉक्टर काय ओझ्याखाली काम करतात हे आम्ही शेजारी आहोत म्हणून रोज बघतो, त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण चार जिल्ह्यांची आणि शेजारच्या तेलंगणातल्या गावांची गर्दी जिथे येते, तिथे शहात्तर वर्षांच्या माणसाने दर महिन्याला रांगेत उभं राहावं हे शक्य नाही. म्हणून शक्ती आहे तो खासगीत जातो. सरकारवरचा भार हलका करतो. आणि सरकार त्या हलका केलेल्या भारावरही कर घेतं.

आणखी एक. सरकारी दवाखान्यात केस पेपरची किरकोळ रक्कम घेतली तरी हातात छापील कागद येतो. पाचशे-सहाशे रुपये फी देतो तिथे काहीच येत नाही. जिथे सगळ्यात कमी पैसे तिथे पावती, आणि जिथे सगळ्यात जास्त तिथे 'फाईलवर तारीख टाकतो की'.

न्याय म्हणून डॉक्टरांची बाजू सांगतो. माझा एक शाळासोबती लातूरकडच्या तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. त्याच्याशी यावरून फोनवर तासभर वाद झाला. तो म्हणाला, अरे, माझी फी शंभर रुपये. पेशंट सोयाबीन विकल्यावर देतो म्हणतो. पावती पुस्तक ठेवलं तर लिहायला माणूस ठेवावा लागेल, त्याचा पगार तू देतोस का? आणि दिवसाला साठ पेशंट बघतो, दहा वर्षांत पावती मागणारा तू दुसरा. पहिला कोण? एसटीतला कंडक्टर, त्याला ऑफिसात द्यायची होती.

हा मुद्दा मला विचार करायला लावून गेला. आमच्याकडच्या ओपीडीत बसलेल्या माणसांपैकी बहुतेक शेतकरी किंवा शेतमजूर. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, मजुराला कराएवढं उत्पन्न नाही. त्यांना पावतीचा उपयोग काय? म्हणून ते मागत नाहीत, म्हणून कुणी छापत नाही, म्हणून ज्याला लागते तो विचित्र ठरतो. पेन्शनर, मास्तर, तलाठी, बँकेतला क्लार्क, एवढीच जमात पावतीवाली, आणि ती चाळिसांत दोन. हे मी मान्य करतो. पण शंभर रुपये फीवाल्या माझ्या मित्राची ढाल सहाशे, हजार फीवाल्यांनी पुढे करू नये. त्यांच्याकडे नंबर लावायला एक मुलगा आहे, फायली काढायला दुसरा, इको आणि स्ट्रेस टेस्टचा दर सांगायला तिसरा. टेस्टचं बिल कॉम्प्युटरवर निघतं. फीचंच निघत नाही. त्याच कॉम्प्युटरवर.

कारण सगळ्यांना माहीत आहे, उगाच आडून कशाला बोला. रोख फी ही कागदावर न आलेली कमाई असते. सगळ्यांचीच तशी असते असं मी म्हणत नाही. पण ती जागा मोकळी ठेवलेली असते, हे म्हणतो.

१९६२ च्या आयकर नियमांतला ६ एफ काढून वाचा. डॉक्टरांनी रोजची रुग्णनोंद ठेवायची, तिचा नमुनासुद्धा ठरवलेला, ३ सी. तारीख, रुग्णाचं नाव, काय सेवा दिली, फी किती, कधी मिळाली. दिलेल्या बिलांच्या आणि पावत्यांच्या कार्बन प्रती जपायच्या, फक्त पंचवीस रुपयांपर्यंतच्या रकमेला सूट. पंचवीस रुपये! हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठला डॉक्टर असेल कोण जाणे. पण त्यातली मेख बघा, 'दिलेल्या' पावत्यांच्या प्रती. दिलीच नाही तर प्रत कसली?

पुढे २०१६-१७ पासून तेही ओझं हलकं झालं. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर डॉक्टरांनी तिची निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाचे कागद ठेवायची गरज नाही. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर २०२३-२४ पासून ही मर्यादा ७५ लाख. लहान प्रॅक्टिसवाल्याला हिशेबाच्या कटकटीतून सोडवलं, याला माझी हरकत नाही. पण शेजारी शेजारी ठेवून बघा. डॉक्टरला लाखो रुपयांचा खर्च एकही कागद न दाखवता निम्म्याने वजा करता येतो. त्याच्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्याला सहाशे रुपये वजा करायला कागदही हवा आणि पैसे बँकेतून गेल्याची नोंदही हवी. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना विश्वासाची दोन मापं. आणि विश्वास नसलेल्या बाजूने पुरावा आणायचा कुठून, तर विश्वास असलेल्या बाजूकडून, जी तो देत नाही.

रोखीची अट चुकीची नाही. पण ती पाळणं रुग्णाच्या हातात नाही. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, दोन लाखांवरची रोख रक्कम घेता येत नाही या नियमातून सरकारने रुग्णालयांना दोन महिन्यांपुरती सूट दिली. लोक बिचारे पैसे घेऊन वणवण फिरत होते, द्यायलाच हवी होती. म्हणजे अडचण दिसली की नियम वाकवता येतो. अडलेला रुग्ण एरवी मात्र दिसत नाही.

बाहेर काय करतात? माझी एक भाची कॅनडात टोरांटोजवळ असते. तिथे डॉक्टरची साधी फी बहुतेक प्रांताची योजनाच भरते, पण दात, चष्मा, फिजिओथेरपी यांची पावती ती वर्षभर एका डब्यात टाकते. उत्पन्नाच्या तीन टक्के किंवा ठरावीक रक्कम, यातलं जे कमी, त्याच्या वरच्या खर्चावर करात सवलत. कुठल्या प्रांतात कोणता व्यावसायिक वैद्यकीय मानायचा, याची यादी तिथल्या कर खात्याने छापली आहे. उपचारासाठी चाळीस किलोमीटर किंवा जास्त जावं लागलं तर प्रवासखर्चही धरतात, ऐंशीच्या पुढे जेवण आणि मुक्कामही. हे ऐकलं तेव्हा मला नांदेडच्या स्टेशनवर हैदराबादच्या गाडीची वाट बघणारे आमचे लोक आठवले. एक्स-रेच्या पिशव्या हातात, पोळी-चटणीचं गाठोडं, दोन दिवसांचा मुक्काम धर्मशाळेत. त्यांच्यातल्या मास्तर-क्लार्कांना यातला एक रुपयाही वजा करता येत नाही. जपानमध्येसुद्धा दवाखान्यात जायचं रेल्वेभाडं वैद्यकीय खर्चात धरतात. अमेरिकेत उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरचा खर्च वजा होतो. म्हणजे हे जगावेगळं मागणं नाही. आजारी माणसाची कर देण्याची ताकद निरोगी माणसापेक्षा कमी असते, एवढंच साधं तत्त्व आहे.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, जो माझ्या धाकट्या भावाने घेतला. "दादा, कशाला डोकं पिकवतोस? नव्या पद्धतीत अण्णांना कर लागतच नाही." बरोबर. २०२३-२४ पासून नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत कर शून्य झाला आणि त्या वर्षापासून अण्णांनी एक पैसा भरलेला नाही. २०२५-२६ साठी ती मर्यादा बारा लाखांवर गेली. पावती नको, वही नको, काही नको. २०२४ च्या जुलैअखेर जी ७ कोटी २८ लाख विवरणपत्रं भरली गेली, त्यातली ५ कोटी २७ लाख नव्या पद्धतीची होती. लोकांनी कौल दिलाच आहे. कटकट संपली.

पण काय संपलं ते बघा. नव्या पद्धतीत ८० डी नाही, ८० डीडीबी नाही. पंधरा लाख मिळवणारा धडधाकट माणूस आणि पंधरा लाख मिळवून त्यातले सहा लाख बायकोच्या कर्करोगावर घालणारा माणूस, दोघांना एकच कर. जुन्या पद्धतीत त्या दुसऱ्याला निदान ४०,००० ची, रुग्ण ज्येष्ठ असेल तर एक लाखाची वजावट होती. आहे अजून, पण ती घ्यायला बाकीचे सगळे कमी दर सोडून द्यावे लागतात. प्रश्न सोडवला नाही, विचारणंच बंद केलं. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याची तारीख. १९६१ च्या कायद्याची भाषा सोपी केली, कलमांचे आकडे बदलले, पण यात काही बदललं नाही. इतका मोठा कायदा नव्याने लिहायला घेतला, तेव्हा 'आजारी माणूस' ही गोष्ट एकदा नीट विचारात घ्यायची संधी होती.

जुन्या पद्धतीत राहिलेल्यांवर मात्र आता करडी नजर आहे. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने खोट्या वजावटींच्या शोधात देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, महाराष्ट्र त्यात होताच. करावीच. आमच्या पुण्याच्या त्या मेडिकलच्या रांगेवर तेव्हा कुणी अशी नजर ठेवली असती तर बरं झालं असतं. पण खोटी वजावट घेणाऱ्याला पकडायला दीडशे ठिकाणी माणसं पाठवता येतात, तर खरी पावती न देणाऱ्याच्या काचेसमोर एक माणूस उभा करता येत नाही का? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत फीचा फलक लावा असं स्वच्छ लिहिलंय. २०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणजे २००२ चेच धरायचे. तुम्ही ज्यांच्याकडे जाता तिथे फलक आहे का, पुढच्या वेळी बघा. मी शहरातल्या सात दवाखान्यांत पाहिलं, दोन ठिकाणी दिसला. एका ठिकाणी तो कॅलेंडरमागे होता.

माझं म्हणणं फार मोठं नाही. डॉक्टरकडे नोंदणी क्रमांक असतोच, प्रिस्क्रिप्शनवर तो छापायलाच हवा असा नियम आहे. त्या क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात मोबाईलवरून गेलेली फी हीच पावती, वेगळा कागद नको, असं खात्याने एका परिपत्रकाने म्हणावं. मग ना माझ्या मित्राला माणूस ठेवावा लागेल, ना अण्णांना काचेसमोर हात पसरावा लागेल. आणि उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांवर गेलेला खरा वैद्यकीय खर्च, वय कितीही असो, विमा असो नसो, दोन्ही पद्धतींत वजा व्हावा. टक्का पाच ठेवा, सात ठेवा, त्यावर भांडू नंतर. सर्दी-पडशाचं कुणी मागत नाही.

परिपत्रक येईल तेव्हा येईल. मागच्या महिन्यात अण्णांना घेऊन गेलो होतो. काचेवर आता स्कॅनर चिकटवलाय. मी खूश होऊन सहाशे पाठवले. नाव आलं ते डॉक्टरांचं नव्हतं, कुठल्याशा बाईंचं होतं. मुलाला विचारलं, तर म्हणाला, मॅडमच्या खात्यावर जातंय. मी फाईलवर त्याच्याकडून रक्कम लिहून सही घेतली, फोटो काढला. अण्णांनी खिशातून पेन काढलं आणि तिथेच बाकावर बसून वहीत लिहिलं. तारीख, फी ६००, ऑटो १२०. अजून रकान्यात पावतीपुढे त्यांनी फुलीच मारली आहे.